पर्यावरणाचा प्रश्न निसर्गात सुरू होतो की माणसामाणसांत? (बुकचिन, फुले आणि पाणी)

नांगरट

पाणीटंचाईच्या धाग्यावर मध्यंतरी बऱ्याच जणांनी "माणूस हाच पृथ्वीला लागलेला रोग आहे" छापाचं लिहिलं होतं, तेव्हापासून यावर सविस्तर लिहायचं मनात होतं. मला ते वाक्य पटत नाही आणि नुसतं चुकीचं नाही तर घातक वाटतं. हा "माणूस" नक्की कोण? मेळघाटात मोह वेचणारी बाई आणि चार्टर्ड विमानाने लग्नाला जाणारा उद्योगपती, दोघंही त्यात आले का? दोघांना एकाच ओळीत उभं केलं की ज्याने काही केलं नाही त्याच्याही डोक्यावर दोष येतो आणि ज्याने केलं त्याचा दोष सगळ्यांत वाटला जाऊन हलका होतो.

हे आयुष्यभर ओरडून सांगणारा एक माणूस होता, मरे बुकचिन. जन्म १९२१, न्यूयॉर्क, रशियातून आलेलं गरीब ज्यू कुटुंब. लहानपणीच कम्युनिस्ट चळवळीत, मग न्यू जर्सीत फाउंड्रीत काम, नंतर मोटार कारखान्यात, कामगार युनियन, राजकारणात तोवर स्टालिनशी बिनसलं होतं, मग स्टालिनविरोधी ट्रॉट्स्कीवादी, मग सरकारच नको म्हणणारा अराजकवादी. कॉलेजची डिग्री नाही. १९५२ मध्येच त्याने अन्नातल्या रसायनांवर मोठा लेख लिहिला होता आणि १९६२ मध्ये टोपणनावाने "अवर सिंथेटिक एन्व्हायर्नमेंट" हे पुस्तक काढलं. त्याच वर्षी काही महिन्यांनी रेचल कार्सनचं कीटकनाशकांवरचं पुस्तक आलं आणि जग हललं, बुकचिनचं मात्र फारसं कुणी वाचलं नाही. १९६४ च्या निबंधात तर हा माणूस हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढून पृथ्वी तापेल, ध्रुवावरचा बर्फ वितळेल असं लिहून गेलाय.

पण तो नुसता प्रदूषणावर थांबत नाही म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आधी माणसाने माणसाला दाबलं, म्हाताऱ्यांनी तरुणांना, पुरुषांनी बाईला, पुरोहित आणि लढवय्यांनी बाकीच्यांना, आणि या हुकूमशाहीची सवय मुरल्यावर मग निसर्गसुद्धा आपल्या हुकमाखाली ठेवायची वस्तू आहे ही कल्पना आली. मार्क्सवाद्यांचा नेहमीचा क्रम उलटा होता, म्हणजे निसर्गावर ताबा मिळवायच्या धडपडीत माणसावर ताबा आला. बुकचिन म्हणतो नाही, उतरंड आधी. म्हणून नदी साफ करायची तर नदीकाठच्या समाजातली उतरंड मोडावी लागेल, नुसते फिल्टर बसवून भागणार नाही. याला त्याने सोशल इकॉलॉजी म्हटलं, १९७४ मध्ये व्हरमाँटमध्ये त्यासाठी संस्था काढली, २००६ मध्ये गेला.

मला इथल्या लोकांकडून ऐकायचंय की आपल्याकडच्या अनुभवाशी हे जुळतं का. मला वाटतं खूप जुळतं.

सरळसोट

लेख चांगलाय, पण लोकसंख्येचं काय? तुम्ही कितीही सत्ता वगैरे म्हणा, १४० कोटी तोंडं आहेत, प्रत्येकाला पाणी लागतं, वीज लागते. गणित साधं आहे.

मृण्मयी_पुणे

सरळसोट, गणित साधं दिसतं कारण त्यात सगळे सारखेच धरलेत. ऑक्सफॅम आणि स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूट यांनी २०२० मध्ये हिशोब मांडला होता, १९९० ते २०१५ या काळात जगात जेवढा कार्बन सोडला गेला त्यातला निम्म्याहून जास्त म्हणजे ५२ टक्के जगातल्या वरच्या १० टक्के श्रीमंतांचा होता. खालच्या अर्ध्या जगाच्या वाट्याला ७ टक्के. आता यात तोंडं मोजून काय मिळणार?

आणि लोकसंख्येच्या भीतीचा इतिहास पण बघा ना. १९६८ मध्ये अमेरिकेत पॉल एर्लिखचं लोकसंख्येच्या बॉम्बवरचं पुस्तक आलं, ते दिल्लीतल्या गर्दीच्या रात्रीच्या वर्णनाने सुरू होतं. म्हणजे जगातलं सगळ्यात जास्त पेट्रोल जाळणाऱ्या देशात बसून बोट दाखवायला दिल्लीचा रस्ता सापडला! आणि आठच वर्षांनी आणीबाणीत आपल्याकडे नसबंदीच्या नावाखाली काय झालं, कुणाला पकडून नेलं, ते गरीब वस्त्यांत अजून लोक सांगतात. बंगल्यातल्या कुणाला पकडून नेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

नांगरट

मृण्मयी, अगदी. बुकचिनचं सगळ्यात गाजलेलं भांडण याच मुद्द्यावर झालं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत "डीप इकॉलॉजी" नावाचा प्रवाह जोरात होता, माणूस हा बाकी जिवांसारखाच एक जीव, त्याने मागे हटावं, जंगलं मोकळी सोडावीत असं त्यांचं म्हणणं. ऐकायला छान. पण त्यातल्याच "अर्थ फर्स्ट" नावाच्या संघटनेचा एक नेता डेव्ह फोरमन मुलाखतीत म्हणाला की इथिओपियातल्या भुकेल्यांना मदत करण्यापेक्षा निसर्गाला आपला तोल साधू द्यावा, उपाशी मरू द्यावं. बुकचिन १९८७ मध्ये यांच्यावर तुटून पडला. त्याचा संताप असा होता, की इथिओपियातला दुष्काळ म्हणजे फक्त पाऊस नाही, तिथे यादवी चालूय, राजवट आहे, जमिनीचा इतिहास आहे, आणि हे सगळं पुसून तुम्ही म्हणताय निसर्गाचा तोल? पुढे फोरमनने ते विधान मागे घेतलं आणि दोघं एका व्यासपीठावर बसून बोलले, ती चर्चा छापली पण गेली. बुकचिन बोलायला फार कडवट होता, मित्रसुद्धा तोडले त्याने, पण या भांडणात तो बरोबर होता असं मला ठामपणे वाटतं.

वाचनवेडा

त्याच सुमारास म्हणजे १९८९ मध्ये रामचंद्र गुहांनी पण भारतातून हीच टीका केली होती, वेगळ्या बाजूने. की अमेरिकन लोक ज्याला रान वाचवणं म्हणतात ते इथे आणलं की त्याचा अर्थ होतो आदिवासींना अभयारण्यातून हाकला. माधव गाडगीळ आणि गुहा यांनी नंतर मिळून जी मांडणी केली ती मला जास्त कामाची वाटते. एक वर्ग जो देशभरातून सगळीकडून साधनं ओढून खातो, एक जो आसपासच्या रानावर, नदीवर, जमिनीवर जगतो आणि तिसरा जो दुसऱ्यातून उखडला जाऊन शहरात झोपडपट्टीत येऊन पडतो. धरण बांधलं की दुसऱ्या वर्गातली माणसं तिसऱ्यात जातात आणि वीज पहिल्याकडे जाते. आपल्याकडे मुळशीचा सत्याग्रह आठवा, १९२१ मध्ये मावळातले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, सेनापती बापट त्यात होते. शंभर वर्षं झाली. वीज मुंबईला गेली, गावं पाण्याखाली गेली.

सरळसोट, आता यात लोकसंख्या कुठे बसते सांगा.

सरळसोट

बरं, लोकसंख्या बाजूला ठेवू. पण मग तुम्ही लोक शेवटी सगळं भांडवलशाहीवर आणणार ना? मग सोव्हिएत युनियनचं काय. अरल समुद्र १९६० पर्यंत जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर होतं, कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्या वळवल्या आणि आता तिथे वाळवंटात बोटी उभ्या आहेत. तिथे तर मालक नव्हते, नफा नव्हता. चेर्नोबिल पण तिथलंच.

नांगरट

हा प्रश्न फार चांगला आहे, आणि बुकचिन मला पटतो तो याच ठिकाणी. मालकी सरकारकडे गेली म्हणून उतरंड गेली का? नाही ना. मॉस्कोत बसलेल्या अधिकाऱ्याने कापसाचा आकडा ठरवला आणि उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तानच्या नद्या त्या आकड्याला जुंपल्या, तिथल्या मच्छीमाराला कुणी विचारलं नाही. वर्ग गेला तरी हुकूम राहिला. म्हणूनच तो वर्ग आणि उतरंड हे दोन शब्द वेगळे ठेवतो.

आणि मार्क्सवर अन्याय नको म्हणून हे पण लिहितो. मार्क्सने १८४२ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडमधल्या लाकूडचोरीच्या कायद्यावर लेखमाला लिहिली होती, जंगलात पडलेल्या वाळक्या काटक्या गरिबांनी गोळा केल्या तर ती चोरी ठरवायची की नाही यावर. नंतर "भांडवल" मध्ये तर तो सरळ म्हणतो की भांडवली शेती जशी मजुराला लुटते तशी मातीलाही लुटते. लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं वाचून त्याच्या लक्षात आलं होतं की गावातलं धान्य शहरात जातं, पण त्यातली मूलद्रव्यं मातीत परत येत नाहीत, शहराची घाण नदीत जाते आणि शेत उपाशी. मग इंग्लंड पेरूच्या बेटांवरून पक्ष्यांची विष्ठा खत म्हणून आणायला लागलं, आणि ती खणायला चिनी मजूर जवळपास गुलाम म्हणून नेले. एका देशाची माती थकली तर दुसऱ्या देशाची बेटं आणि तिसऱ्या देशाची माणसं खर्ची पडली. जॉन बेलामी फॉस्टरने २००० मध्ये यावर तपशीलवार लिहिलंय.

निळीपहाट

मी कालपासून सगळं वाचतेय आणि एक गोष्ट खटकतेय ती स्पष्ट लिहिते. उतरंड, उतरंड म्हणताय सगळे, आणि महाराष्ट्रात बसून जात हा शब्द अजून एकानेही लिहिला नाही.

बुकचिनने उतरंड आणि वर्ग वेगळे केले म्हणता, बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितलं होतं की जात म्हणजे नुसती कामाची विभागणी नाही, काम करणाऱ्या माणसांची एकावर एक रचलेली विभागणी आहे. आणि पर्यावरणाचं म्हणाल तर महाडचं चवदार तळं हे काय होतं? १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा बोल्यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्याचं कागदावर लिहिलं, तरी आमच्या माणसांना पाणी नाही. गुरंढोरं पाणी पित होती त्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घागरीत कालवून तळ्यात ओतलं, तळं "शुद्ध" करायला. १०८ घागरी. पिण्याच्या पाण्यात शेण मुद्दाम ओतलं कारण माणसाचा स्पर्श त्यांना शेणापेक्षा घाण वाटत होता. पुढे कोर्टात दहा वर्षं, १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल. उतरंडीमुळे पाणी कसं घाण होतं याचं याहून उघड उदाहरण जगात कुठे असेल तर मला सांगा.

आणि आज गटारात कोण उतरतं? मुंबईचा कचरा वर्षानुवर्षं कुठे गेला? देवनारला, १९२७ पासून, आणि त्या डोंगराच्या कडेला कोण राहतं ते गोवंडीत जाऊन बघा. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धूर दक्षिण मुंबईपर्यंत गेला म्हणून बातमी झाली, गोवंडीतली पोरं तो धूर आधीपासून खातच होती. शहराला त्याची घाण ठेवायला जागा लागते, आणि ती जागा कुठली ते जात आणि धर्म बघून ठरतं. हे न बोलता पर्यावरण बोलणारे मला आपले वाटत नाहीत.

मृण्मयी_पुणे

निळीपहाट, एकूण एक शब्दाशी सहमत. त्यात एवढंच जोडते की पाणी भरायचं काम प्रत्येक जातीत बाईचं. टंचाई म्हणजे आकडेवारीत दरडोई लिटर, घरात मात्र पोरीची शाळा बुडते.

वाचनवेडा

निळीपहाट यांच्या प्रतिसादावरून जोतीराव आठवले. "शेतकऱ्याचा असूड" १८८३ चा. त्यात जंगल खात्यावर जे लिहिलंय ते आज वाचलं तरी अंगावर येतं. पूर्वी ज्याचं शेत थोडं होतं तो उंबर, जांभळाची फळं खाऊन, पळसाची पानं, मोहाची फुलं, लाकूडफाटा विकून, एखाददुसरी गाय आणि चार शेळ्या पाळून निभावून न्यायचा, सरकारने जंगल खातं उभं करून डोंगर, पडीक जमीन, गायरानं सगळी आत घेतली आणि त्याच्या शेळीला वारा खायलाही जागा ठेवली नाही. १८७८ चा जंगल कायदा होऊन पाचच वर्षं झाली होती. वर ऱ्हाइनलँडच्या काटक्यांचं आलंय, तीच लढाई इथे डोंगरावर चालू होती.

आणि पुढे उपाय पण सांगतात. रिकामे बसलेले शिपाई आणि पोलीस लावून जागोजाग ताली, बंधारे असे घाला की पावसाचं पाणी शेतात मुरून मग ओढ्याला जाईल. डोंगर पूर्वीसारखे गावाच्या गायरानात परत द्या. मृद्संधारणाची योजना आणि त्याच पानांवर भटशाही आणि साहेबशाही दोघांवर असूड, एकाच दमात. जोतीरावांना माती कुठे वाहून गेली आणि शेतकऱ्याचा पैसा कुठे वाहून गेला हे दोन प्रश्न वेगळे दिसतच नव्हते. आपण शाळेत त्यांना फक्त शिक्षण आणि समाजसुधारणा या खात्यात टाकून मोकळे झालो याचं फार वाईट वाटतं.

सरळसोट

हे फुल्यांचं मी कधी वाचलं नव्हतं, धन्यवाद. पण आता मला व्यवहाराचा प्रश्न आहे. निदान पटायला लागलंय, औषध काय? बुकचिन म्हणतो उतरंड मोडा. म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करायचं?

नांगरट

त्याचं उत्तर होतं गाव, वॉर्ड पातळीवरच्या लोकांच्या सभा, म्हणजे समोरासमोर बसून ठरवणाऱ्या सभा, आणि त्या सभांचा आपसात संघ. प्रतिनिधी पाठवायचा पण तो सभेचा निरोप्या, मालक नाही. नुसतं आपापल्या घरी सेंद्रिय भाजी खाऊन क्रांती होते या कल्पनेवर तर तो १९९५ च्या सुमारास खूप चिडून लिहीत होता. मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला तो कुर्दांनी केलेला, तुर्कस्तानच्या तुरुंगात त्यांचा नेता अब्दुल्ला ओजलान याने बुकचिन वाचला आणि २०१२ नंतर उत्तर सीरियात, रोजावामध्ये, त्या धर्तीवर सभा उभ्या राहिल्या, प्रत्येक ठिकाणी एक बाई आणि एक पुरुष असं जोडीचं अध्यक्षपद. पण पर्यावरणाच्या बाजूने तिथे फार अडचणी आल्या, युद्ध चालू, कच्चं तेल हाताने गाळायचं, फरातचं पाणी वरून तुर्कस्तान अडवणार. सभा कितीही चांगली असली तरी नदीचा वरचा भाग दुसऱ्याच्या हातात असेल तर काय करणार.

आपल्याकडे जवळचं उदाहरण म्हणजे गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गोंड गाव, सर्वसहमती होईपर्यंत बसायचं, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्यांनी बुकचिन वाचून केलं नाही हे, त्यांच्या आपल्या अनुभवातून केलं.

येरळाकाठ

मी खानापूर तालुक्यातला, सांगली जिल्हा. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, टायपिंग सांभाळून घ्या.

सोमवारी सकाळी काय करायचं विचारलंय ना, आमच्याकडं झालंय ते सांगतो. १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा मुंबईतली आमची माणसं गावाला परत आली, इथं दुष्काळ, रोजगार हमीवर खडी फोडायची. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर वगैरे. लोक विचारायला लागले की दुष्काळ पडतो कसा, नुसता पाऊस कमी की अजून काय. येरळा नदीची वाळू ठेकेदार ट्रक भरभरून न्यायचे, वाळू गेली की नदीत पाणी मुरत नाही, विहिरी आटतात. मग बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवलं की वाळू आमची, ती थोडी आम्हीच विकणार आणि त्या पैशातून धरण बांधणार. सरकारशी भांडून ते केलं, के. आर. दाते नावाच्या मोठ्या इंजिनिअरनी मदत केली, लोकांपर्यंत विज्ञान नेणारे लोकविज्ञान संघटनेचे लोक पण आले, आणि बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं.

पण धरण ही अर्धीच गोष्ट. पाणी वाटायचं कसं हे धरणाआधीच ठरवलं होतं. प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा, आणि ऊस नाही. ऊस लावला असता तर चार घरांनी सगळं पिऊन टाकलं असतं. त्याआधी पुरंदरला नायगावात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत केली तिथं पण हेच, पाणी माणशी, अर्ध्या एकराला पुरेल एवढं, घरटी जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनाला हक्क, उसाला बंदी. १९७२ च्या दुष्काळातून आलेलं शहाणपण.

आता उसाचं बघा. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत ऊस ४ टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाचं पाणी सत्तरेक टक्के तोच पितो, कृषी मूल्य आयोगाच्या अहवालात आहे हे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. मिरज आमच्याच जिल्ह्यातलं. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने त्या हंगामात पण चालले. पाऊस लातूरवर पडला नाही तसा कारखान्यांवरही पडला नाही, पण पाणी काही दोघांचं सारखं संपलं नाही. त्याला दुष्काळ म्हणून सोडून देता येत नाही.

निळीपहाट

येरळाकाठ दादा, भूमिहीनाला पाण्यात वाटा हे वाचून खरंच बरं वाटलं. पण ते पुढे कायद्यात का नाही आलं? आमच्यातली बरीचशी माणसं भूमिहीन, त्यांना कालव्यावर कुणी विचारत नाही.

येरळाकाठ

ताई, तिथंच तर अडलंय. २००५ ला पाणी वापर संस्थांचा कायदा झाला, त्यात सदस्य कोण तर लाभक्षेत्रातला जमीनधारक. म्हणजे पाणी परत जमिनीच्या मागं गेलं, जमीन ज्याची त्याचं पाणी, आणि जमीन कुणाची ते तुम्ही वर लिहिलंयच. आमच्याकडं आटपाडी भागात समन्यायी पाणीवाटपासाठी अजून परिषदा होतात, भूमिहीनासकट घरटी पाण्याचा कोटा ही मागणी चालूच आहे. पाईपलाईननं मोजून पाणी द्यायचं म्हणजे कुणी चोरून पाटाला बारं फोडणार नाही असं लोकांनी आराखडा करून मांडलंय.

सरळसोट

हे समजलं. म्हणजे धरण, पाईप, ठिबक हे सगळं तांत्रिक आहे, पण ते लावायच्या आधी वाटा कुणाकुणाचा हे ठरवायचं, आणि ठरवायला भूमिहीन आणि बायका बसल्या पाहिजेत. आमच्या गावात पाणी वापर संस्थेच्या मीटिंगला कोण कोण असतं ते या वेळी गेलो की बघतो, सदस्यांची यादी मागतो आणि इथे लिहितो.

नांगरट

सरळसोट, जरूर लिहा. यादीबरोबर कालव्याच्या शेवटच्या टोकाला किती दिवसांनी पाणी पोचतं तेही विचारा, आणि त्या टोकाला कुणाची वस्ती आहे ते. येरळाकाठ, समन्यायी वाटपाच्या परिषदांचं तुमच्या माहितीतलं सविस्तर लिहाल का, वेगळा धागा काढा हवं तर, इथे अडकून राहायला नको.